रिकामं भांडं परत देऊ नये

सक्करदरा, नागपूर
वैशाख महिना, सन १९७३

तीर्थस्वरूप रुखमाबाईच्या पायांवर धाकट्या चंपतचं डोकं.

इकडे देवाच्या कृपेने मी धडधाकट आहे (पोट सोडून, त्याचं पुढे येईलच). तुझा दमा, भाऊजींचा गुडघा, तांबडी गाय आणि विहिरीचं पाणी, या चौघांची खुशाली कळवावी. विहिरीची आधी कळवावी, कारण यंदाच्या उन्हात बाकीचे तिघं तिच्यावरच उभे आहेत.

तुझं पत्र पोचलं. ते तू शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घेतलंस हे अक्षरावरून दिसतं. पण ‘बाईमाणूस नसलेल्या घरात चूल अन् देव दोघंही उपाशी राह्यतात’ हे वाक्य गुरुजींचं नाही. ते तुझंच आहे, ते वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला आणि मी घाबरून देवघराकडे पाहिलं. नोकरी सोड, खोली सोड, बळीरामला पाठवते, त्याच्यासोबत भांडीकुंडी घेऊन गावी ये आणि माझ्या हातचं दोन वेळा जेव, असं तू लिहितेस. आपला भाचा बळीराम मला न्यायला यायचा म्हणजे तू ठरवूनच टाकलेलं दिसतं. तुझं मन मी जाणतो. तुझी भावजय गोपिका गेल्यापासून मी उपाशी राहत असेन याचा तुला घोर लागला आहे. बाई, मी उपाशी नाही. उपाशी राहता आलं असतं तर एवढं लांब पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

त्याचं असं झालं. पौषात गोपिका गेली तेव्हा तू इथेच होतीस. मयताच्या घरी तेरवीपर्यंत चूल पेटत नाही म्हणून गल्लीतल्या घरांतून जेवण येत होतं, ते तू पाहिलंस. तेरवी झाली, तुम्ही सगळे गावी परतलात. भांडी मात्र यायची थांबली नाहीत. पोरबाळ नसलेला माणूस, पन्नाशीला आलेला, मिलमध्ये दिवसभर कापडाच्या घड्या घालून येतो आणि अंधाऱ्या घराचं कुलूप काढतो, हे लोकांना पाहवत नाही. माझ्याशी काय बोलावं तेही त्यांना कळत नाही. म्हणून ते भाजी आणतात.

समोरच्या मनोहररावांची बायको वच्छलावहिनी यात सगळ्यांच्या पुढे. त्या दारातून म्हणतात, “भाऊजी, थोडंसंच हाये.” वहिनींचं थोडंसं म्हणजे एक मोठा गंज काठोकाठ भरून कढीगोळे. वर शपथ: “नाई खाल्लं तर माह्या गळ्याची आन हाये तुम्हाले.” (त्यांचा गळा अजून शाबूत आहे, यावरून माझ्या पोटाची कल्पना करावी.) दुसरं घर लहानूचं. तो माझ्याच घडी खात्यात आहे. त्याची बायको प्रेमिला रोज रात्री वांग्याची भाजी किंवा झुणका पाठवते, कारण आमची गोपिका तिला बहीण म्हणायची. तिसरं घर गल्लीच्या टोकाच्या अंजनाबाईचं. ती म्हातारी एकटी असते. मुलगा भिलाईला आहे, त्याचं पत्र येतं, तो येत नाही. ती अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा आणते. उंबऱ्यावर वाटी ठेवते, ‘जेव बापा’ म्हणते आणि जाते.

आता एका माणसाला दोन भाकरी पुरतात. माझ्याकडे पाचांचं जेवण जमतं. नागपूरचं ऊन तुला माहीत आहे. सकाळी आलेलं वरण मी मिलमधून येईपर्यंत आंबून फेसाळलेलं असतं. आणि हे कोणत्या साली? रेशनच्या रांगेत लोक लाल मिलो ज्वारीसाठी उभे आहेत, त्या साली. आपल्या आईने ताटात शीत उरलं तर उठू दिलं नाही. गोपिका तर गंजाच्या बुडाला लागलेलंही भाकरीच्या तुकड्याने पुसून खायची आणि वर म्हणायची, घासायचं काम कमी झालं. त्या घरात आता रोज अन्न नासतं आहे. नासवणारा मी, आणि माझ्या नावाने हळहळणारं सारं गाव.

तू म्हणशील, घेऊ नको, नाही म्हणून सांग. बाई, मी सांगून पाहिलं. वहिनींच्या डोळ्यांना पदर लागला. मग मी ठरवलं की दुसरा मार्ग काढावा. भांडं रिकामं परत देऊ नये ही आपल्या घरची रीत. गोपिका शेजारच्या वाटीत दोन लिंबं, मूठभर हरभरा, काही ना काही घालूनच वाटी परत करायची. मी साखर घालू लागलो. रेशनची साखर ती, पहिल्या आठवड्यातच संपली. मग गूळ. तोही संपला तेव्हा मी अंगणातल्या तुळशीची चार पानं घातली आणि गंज वहिनींना नेऊन दिला. वहिनींना वाटलं, मी काही पारायण केलं आणि हा प्रसाद आहे. प्रसादाचं भांडं परत करायचं तर त्यात गोडच हवं. संध्याकाळी त्याच गंजातून खीर आली.

तेव्हा मला सुचलं की एका घरचं दुसऱ्या घरच्या भांड्यात घालावं. यात पाप नाही आणि अन्नही वाया जात नाही. वहिनींनी करंज्या दिल्या, त्या मी अंजनाबाईच्या वाटीत घातल्या. तिला दात नाहीत हे माझ्या ध्यानात नव्हतं. तिने त्या प्रेमिलाला दिल्या. प्रेमिलाकडे वहिनींचं एक ताट राहिलं होतं. ते रिकामं कसं द्यायचं? दोन-तीन दिवसांनी वहिनी मला सांगतात, “लहानूजीच्या बायकोनं करंज्या पाठवल्या होत्या भाऊजी. मुरड चांगली घालते, आपल्यासारखीच. पण सारणात जीव नाई. अन् तूप तर विचारूच नका.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी, खरी करंजी कशी असते हे मला कळावं म्हणून, त्यांनी नव्या तळून आणल्या.

मग मी सगळं खाऊन टाकायचं ठरवलं. नैवेद्य दाखवायचा, हात जोडायचे आणि एकेक भांडं संपवायचं. हे फार दिवस टिकलं नाही. रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी पोट दाबून विचारलं की घरात जेवणारे किती. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, मग हे एवढं कोण जेवतं? म्हटलं, तोच. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की शिळं खाऊ नका. मग त्या शिळ्याचं काय करायचं, हे मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

गोपिका उरलेल्या भाताच्या भातवड्या करून उन्हात वाळवायची, पावसाळ्यात तळायला. तेही मी केलं. एका रविवारी जुन्या धोतराच्या फडक्यावर भाताचे लहान लहान गोळे घालत बसलो होतो. तिचे गोळे सुपारीएवढे, एकासारखे एक असत. माझे पाहून कावळासुद्धा थांबला नाही. पण गोळे घालता घालता तिची बसायची जागा, गुडघ्यावर टेकलेला तिचा हात आणि ओठांतल्या ओठांत चाललेला तिचा जप आठवला आणि माझ्याने पुढे होईना. तेवढ्यात वहिनींनी खिडकीतून पाहिलं. “अगं बाप्पा! काय दिवस आले वं बाई, भाऊजी वड्या घालून राह्यले!” संध्याकाळी त्यांच्याकडून एक डबा भातवड्या, एक डबा कुरड्या आणि पापडांची चळत आली. कमी करायला जावं तसं वाढतं, असं हे अन्न. देव देतो म्हणतात ते हेच असेल, पण माझ्या वाट्याचं त्याने जरा चुकीच्या वेळी दिलं.

गाईला घातलं तर पुण्य लागतं, म्हणून गवळी नत्थूजींच्या गाईला एक दिवस कढी, भात, वांगं असं सगळं एकत्र करून घातलं. गाय बसली ती उठेना. नत्थूजी दारात येऊन ओरडले, “काहून गा चंपतराव, माहा जनावर मारता काय? ते काय तुमचं जवाई हाये, कढी पाजाले?” गाय दुसऱ्या दिवशी उठली. पण आपण बायको गेलेल्या माणसावर ओरडलो, हे नत्थूजींच्या मनाला लागलं. तेव्हापासून ते मला रोज वाटीभर दही देतात.

सक्करदऱ्याच्या तलावातल्या मासोळ्यांना पोळ्या घालाव्या म्हणून गेलो. मासोळ्या पाण्यात असतात. पाणी यंदा तलावाच्या मधोमध गेलं आहे. मी फेकलेल्या पोळ्या भेगाळलेल्या चिखलावर पडल्या आणि तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना काठावर माणसं थांबलेली. “कोणाले माज आला गा एवढा? आपण मिलो खाऊन राह्यलो अन् इथं गव्हाच्या पोळ्या वाळून राह्यल्या.” कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, फार वाईट गोष्ट आहे. त्या दिवशी मिलमध्ये माझ्या घड्या वाकड्या पडल्या.

आता शेवटचं सांगतो. ते सांगायलाच पत्र लिहायला बसलो आणि एवढा वेळ टाळत होतो.

गेल्या शनिवारी पोटात दुखत होतं. मिलमधून आलो तो ओट्यावर भांडी. डोकं फिरल्यासारखं झालं. एका पत्रावळीवर सगळं उलटं केलं आणि दिवेलागणीला चौकात नेऊन ठेवलं, कुत्री खातील म्हणून. काय काय होतं ते मी पाहिलंही नाही. घरी येऊन हातपाय धुतो तो चौकात गलका. जाऊन पाहतो तर अर्धी गल्ली जमलेली. पत्रावळीवर दहीभात, भातावर तळलेली लाल मिरची, बाजूला लिंबाची फोड. त्यात शनिवार, आणि अमावस्या तोंडावर. बाई, कोणीही शहाणा माणूस त्याला उताराच म्हणेल. मला माहीत नसतं तर मीही म्हटलं असतं.

“चंपतभाऊजीच्या घराकडं तोंड करून ठेवला हाये!” वच्छलावहिनी सांगत होत्या. (पत्रावळीला तोंड कोणत्या बाजूने असतं ते मला अजून समजलं नाही.) “एकट्या माणसावर करून राह्यलं कोणीतरी. देव पाहून घेईन त्याले!” मनोहरराव, या सगळ्या अडाणी समजुती आहेत, असं वहिनींच्या पाठीमागे उभं राहून सांगत होते. दहीभात वहिनींचाच होता. दुपारी त्यांनीच तो माझ्या ओट्यावर आणून ठेवला होता. पण चौकात ठेवलेला भात कोणी आपला म्हणून ओळखत नाही. मी हळूच गर्दीच्या कडेला सरकलो.

तेवढ्यात लहानू सायकल घेऊन आला. विचारलं काय झालं, आणि सरळ जाऊन पत्रावळ उचलली.

“हात नका लावू गा लहानूजी!”

“भात हाये हा. भाताले भेता काय?”

“उतारा हाये तो!”

“असंन. आमी ते सारं सोडलं वहिनी, दीक्षा घेतली तवाच, नागपुरातच सोडलं. आमाले नाई लागत.”

तो पत्रावळ घेऊन माझ्याजवळून जाताना थांबला. भातात खोचलेली भाजी त्याच्या घरची होती. हळूच म्हणाला, “तुह्यं काम हाये काय गा हे?” मी हो म्हटलं. तो सायकलला टेकून असा हसायला लागला की लोकांना वाटलं, यालाच लागलं. मलाही हसू आलं. गोपिका गेल्यापासून पहिल्यांदा मी हसत होतो. मग तो एकदम हसायचा थांबला. माझ्या मागे अंजनाबाई उभी होती.

पत्रावळीच्या कडेला तिची अर्धी भाकर होती. लाल मिलोची. तिची एक करंगळी वाकडी आहे, थापताना भाकरीवर तिची खूण उमटते. ती त्या भाकरीकडे पाहत राहिली. तिथे उतारा न दिसलेली ती एकटीच. पदर डोक्यावर घेतला आणि घरी गेली.

तुला एक सांगायचं राहिलं. मागे एकदा मी तिची वाटी परत द्यायला दुपारचा गेलो होतो, तेव्हा ती जेवत होती. दुसरी अर्धी भाकर पाण्यात भिजवून. ती मला उरलेली अर्धी आणते असं मी समजत होतो. उरायला तिच्याकडे दुसरी भाकरच नव्हती. तेव्हापासून काहीही झालं तरी तिची अर्धी भाकर आधी खायची, असा माझा नेम होता. तो त्या शनिवारी मोडला.

रात्री वहिनींनी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि दृष्टीचा थकवा जावा म्हणून पुरीभाजी दिली. देवापुढे बसलो तर नामही मुखात येईना. आपण अन्नाला देव म्हणतो. मी तो देव चौकात कुत्र्यांपुढे ठेवला, आणि कुत्रीही आली नाहीत. त्यानंतर अंजनाबाई आली नाही. बाकी सगळे येतात.

तेव्हा बाई, तू लिहितेस तेच बरोबर आहे. माझ्याने हे घर चालत नाही. बळीरामला पाठव. मी खोली सोडतो, मिलला रामराम करतो आणि तुझ्याकडे येतो. तुझ्या ताटात मोजकं वाढलेलं असेल, ते जेवीन, ताट पुसून उठेन. भाऊजींना नमस्कार, बळीरामला आशीर्वाद, तांबडीच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरव.

तुझा
चंपत

ता. क. – बळीराम येईपर्यंतचे दिवस काढायचे आहेत. तरी तू वच्छलावहिनींना एक वेगळं कार्ड टाकावं. त्यात लिहावं की आमच्या घराण्यात बायको वारल्यावर नवऱ्याने वर्षभर परक्या चुलीवरचं खाऊ नये असा नेम आहे. असा नेम आपल्यात नाही हे मला माहीत आहे. पण तू वडील आहेस, तू म्हटलंस की होतो. कार्ड गुरुजींच्या अक्षरात असू दे, त्याला वजन येतं.

ता. क. दुसरा – वरचं कार्ड टाकू नको. पत्र तीन दिवस कोटाच्या खिशातच राहिलं, ते एका अर्थी बरं झालं. वच्छलावहिनी आणि मनोहरराव लग्नाला उमरेडला गेले. लहानूची रातपाळी लागली, प्रेमिला माहेरी. नत्थूजींचं दही तेवढं आलं. काल सुटी होती. सकाळपासून दारात एकही भांडं आलं नाही. हेच तर मी देवाकडे मागत होतो. पण दुपारपर्यंत मी किती वेळा दाराशी जाऊन आलो हे सांगायला लाज वाटते.

दुपारी अंजनाबाई आली. हातात वाटी, आणि वाटी रिकामी. मला वाटलं, भांडायला आली. मी म्हटलं, बाई, त्या दिवशीचं माझं चुकलं. ती म्हणाली, “ते जाऊ दे. तुह्या घरी जास्त होते म्हणते सारी गल्ली. फेकतं कायले? मी भांडं आणत जाईन, घालत जा त्याच्यात.” आणि उंबऱ्यावर टेकली. हातात रिकामं भांडं घेऊन ती कोणाच्याही दारात कधी गेली नसेल. तिने वाटी पुढे केली तेव्हा तिची मान खाली होती.

आणि बाई, घरात घालायला काही नव्हतं. एवढे महिने नासवलं, आणि काल काही नव्हतं. मी तिला बस म्हटलं आणि चूल पेटवली. गोपिका गेल्यापासून पहिल्यांदा. फुंकणी कुठे ठेवली तेही आठवेना, ती म्हातारीनेच शोधून दिली. भात टाकला. किती टाकायचा असतो ते मला माहीत नाही. गोपिका ओंजळीने घ्यायची, तिची ओंजळ लहान होती. तू शिजशील तेवढा शिज असं तांदळाला म्हणून मीही ओंजळीने घेतला. नैवेद्य दाखवला. भात आणि नत्थूजींचं दही, आम्ही दोघं जेवलो. म्हातारी म्हणाली, “मीठ घालत असतात गा, बापा.” एवढंच. उरलं काही नाही.

जाताना वाटी इथेच ठेवून गेली. आज मी मिलमधून आल्यावर पुन्हा आली.

ता. क. तिसरा – तेव्हा बळीरामला पाठवायची घाई करू नको. माझं येणं आता जमेलसं दिसत नाही. पण उलट टपाली एवढं मात्र नक्की कळव की दोन माणसांच्या भाताला तांदूळ किती आणि पाणी किती. आजचाही कच्चा राहिला, आणि अंजनाबाईला दात नाहीत.